यंत्राला ऊन लागू नये म्हणून

बसा, चहा घ्या. साखर कमी वाटली तर आत्ताच सांगा, नंतर मला मधे थांबवायचं नाही. आणि आधी शब्द द्या, हे बाहेर सांगताना पदरचं तिखटमीठ लावणार नाही. तसं लावायला मी जागाच ठेवलेली नाही म्हणा! माझी फजितीच अशी सणसणीत झाली आहे, की वरून काही घालावं लागत नाही.

मी सरूबाई. सत्तरी कधीच ओलांडली. शाळेचं तोंड पाहिलं ते बाहेरून, शेळ्या हाकताना. अक्षरं शिकले ती वाण्याच्या पुडीवर. गुळाची पुडी घरी आली, की आधी कागद वाचायचा, मग गूळ डब्यात. त्यामुळं माझं ज्ञान मधेमधे फाटलेलं आणि थोडं चिकट आहे, पण आहे पुष्कळ! गावात कुणीही समोर येऊ दे, वादात मी मागं सरत नाही.

पुढं मोबाईल आला आणि माझी शाळा खऱ्या अर्थानं सुरू झाली. बाकीच्या बायका मालिका बघतात, मी रॉकेटं बघते. हसलात? हसा. मला सांगा, नुसतं वर गेलेलं रॉकेट बघण्यात काय आहे? दिवाळीत पोरं उडवतातच. पण हल्लीचं रॉकेट वर जातं, सामान पोचवतं, आणि खालचा मोठा भाग परत येऊन स्वतःच्या पायावर उभा राहतो! तेही समुद्रात, हलत्या जहाजावर! पुसून, तपासून, तोच पुन्हा वर पाठवतात.

आमच्या सॅम्युएल गुरुजींना मी हे एका वाक्यात समजावून सांगितलं होतं. म्हटलं, "गुरुजी, आधीचं रॉकेट म्हणजे पत्रावळ. जेवलं की फेकली. आत्ताचं रॉकेट म्हणजे स्टीलचं ताट. घासलं की पुढची पंगत."

गुरुजी गावच्या शाळेतून रिटायर झालेले. अर्धं गाव त्यांच्या हातचा मार खाऊन मोठं झालं आहे. ते चष्मा पुसत म्हणाले, "सरूबाई, तुम्ही माझ्या वर्गात असता तर मी आधी रिटायर झालो असतो." मी ते कौतुक समजले. अजूनही तसंच समजते.

आता मुद्द्यावर येते.

आमची वस्ती नगरच्या बाहेर, नागापूरची एमआयडीसी मागं टाकली की थोडं पुढं. दोन घरं शेजारी शेजारी. एक माझं, एक शेवंताचं. शेवंता माझी धाकटी जाऊ. दोन घरांच्या मागं दोन वावरं, दोन वावरांच्या मधे एक बांध, आणि त्या बांधावर एक आंबा. रायवळच, पण काय गोडी सांगू! तोंडात धरला की माणूस बोलायचं विसरतो. मीसुद्धा!

तर झाड कुणाचं? माझं! शेवंताचं म्हणणं, तिचं. वाटण्या झाल्या तेव्हा तिथं हद्दीचा दगड रोवला होता. तो दगड नांगरणीत कधी इकडं सरकला, कधी तिकडं, आणि शेवटी एका गोठ्याची पायरी झाला. कुणाच्या गोठ्याची, ते विचारू नका. दगड चांगला चपटा होता, एवढंच सांगते.

दरसाल फळ कमी असायचं, भांडण तोंडी लावण्यापुरतं व्हायचं. यंदा मात्र झाड असं लगडलं, की फांद्या जमिनीला टेकल्या. आंबे आठवड्याभरात उतरायला येणार होते. म्हणजे जो काही निकाल लागायचा तो त्याच्या आत लागला पाहिजे. एकदा का शेवंताच्या घरात आंबे गेले, की त्यांच्या कोयीसुद्धा मला दिसायच्या नाहीत. म्हणून मी आधीच मोजणीचा अर्ज देऊन ठेवला होता. साधी मोजणी नव्हे, रोव्हरची! उपग्रहावरची!

शेवंता म्हणाली, "आक्का, घरातल्या घरात मिटवू की. कशाला सरकारी मानूस बोलवायचा?"

"मिटायला ते काय डोळे आहेत?" म्हटलं. "आता निकाल वरून येणार. थेट आभाळातून. आणि येईल तो तुलाही मान्य, मलाही मान्य. बोल!"

"मला मान्य हाय. तुमचं तुमी बगा."

बघा, किती शांतपणे म्हणाली! तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

आणि योग कसा पाहा. मोजणीच्या आदल्या दिवशी सकाळी, म्हणजे त्यांच्याकडं रात्री, अमेरिकेतून एक दिशादर्शक उपग्रह सुटणार होता. मोबाईलमधली ती बाई सांगते ना, पुढं डावीकडं वळा, ती ज्यांच्या भरवशावर बोलते त्यातला एक. तो ज्या रॉकेटवर बसून जाणार, तेही परत येणारं. मी ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर ते लावायला लावलं आणि साऱ्या वस्तीला हाका मारल्या. शेवंतालासुद्धा. म्हटलं, उद्या जे हिचं झाड काढून घेणार, ते हिनं डोळ्यांनी बघावं.

रॉकेट उडालं. दोन भाग सुटे झाले. वरचा पुढं गेला, खालचा फिरला. टीव्हीतली माणसं इंग्रजीत बोलत होती, त्यामुळं मराठीची जबाबदारी माझ्यावर आली.

"आता उलटं फिरलं बघा! आता वेग कमी करतंय, खालून आग सोडून! आता चार पाय उघडतील... उघडले! जहाज कुठंय? ते बघा जहाज! उभं राहिलं!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माणसं माझ्याकडं बघून टाळ्या वाजवत होती, जणू मीच ते दोरीनं खाली सोडलं होतं.

गुरुजी म्हणाले, "सरूबाई, हा नवा उपग्रह जागेवर पोचून कामाला लागायला वेळ लागतो. उद्याच्या तुमच्या मोजणीत तो नसेल हं."

"ते ठाऊक आहे मला. वर जुने पुष्कळ आहेत. पण नवं माणूस आलं म्हणजे जुन्यांना हुरूप येतो."

"उपग्रहांना?"

"उपग्रहांना!"

गुरुजींनी पुन्हा चष्मा पुसला.

घरी जाताना मी सगळ्यांना सांगितलं, "यातून शिकायचं काय? तर यंत्र जपायचं. त्यांनी रॉकेट जपलं म्हणून ते पुढं गेले. आपण ट्रॅक्टर उन्हात सोडतो, फवारणीचा पंप चिखलात टाकतो, म्हणून इथंच राहिलो." हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्याच गळ्यात पडलं ते.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला मोजणीवाले साहेब आले. तरुण, अंगानं काटकुळे, पण बोलणं नम्र. त्यांच्याकडं दोन पांढऱ्या गोल डब्या. एक काठीच्या टोकाला बसवली, तिला म्हणायचं रोव्हर. ती घेऊन वावरात फिरायचं. दुसरी तीन पायांच्या घोडीवर एका जागी उभी करायची, तिला म्हणायचं बेस. दोघींनी आभाळाकडं बघायचं, उपग्रहांशी बोलायचं, आणि बेसनं फिरणारीला सांगायचं, तू दोन बोटं चुकलीस, इकडं सरक.

शेवंतानं विचारलं, "म्हंजी कसं वो साहेब?"

साहेबांच्या आधी मीच सांगितलं, "बेस म्हणजे सासू. जागची हलत नाही, आणि बाहेर फिरणाऱ्या सुनेची चूक घरबसल्या काढते."

साहेब म्हणाले, "आजी, हे मी आता सगळीकडं सांगणार!" माझी कॉलर ताठ. लुगड्याला कॉलर नसते, पण होती ती ताठ झाली.

बेसला मोकळी, उंच जागा पाहिजे. मी म्हटलं, "माझा स्लॅब घ्या." साहेब लोखंडी शिडीनं वर चढले, बेस उभी केली, मोबाईलसारख्या यंत्रावर काहीतरी दाबलं आणि खाली आले.

"आजी, एक काम कराल? वर कुणाला जाऊ देऊ नका. बेस हलली की सगळं चुकलं."

"साहेब, माझ्या घरावर माझ्या परवानगीशिवाय कावळा बसत नाही."

साहेब वावरात गेले. मी मात्र एकदा वर जाऊन आले. राखण करायची तर माल बघून घ्यायला नको? आणि काय बघते! वैशाखातलं ऊन, तापलेला स्लॅब. त्या स्लॅबवर मी कुरडया घालते, दुपारपर्यंत दगड होतात. आणि तिथं ते एवढंसं नाजूक यंत्र, उघड्या डोक्यानं, तीन पायांवर उभं! कालच मी गावाला सांगितलं होतं ना, यंत्र जपा म्हणून? मग माझ्याच घरी आलेला पाहुणा भाजू द्यायचा?

खाली आले. गोणपाट भिजवून घट्ट पिळलं. गोठ्यातलं लोखंडी घमेलं घेतलं. पुन्हा वर गेले. यंत्राला बोटसुद्धा लागू न देता हळूच गोणपाट पांघरलं, आणि ते वाऱ्यानं उडू नये म्हणून वरून घमेलं उपडं घातलं. असं बसलं सांगते, जणू मापानं शिवून आणलेली टोपी!

थांबा, हसू नका. अजून पुष्कळ आहे.

खाली उतरले, शिडी उचलून घरात नेऊन ठेवली, बाहेरून कडी घातली, आणि पदर खोचून वावरात गेले. तोवर सारी वस्ती बांधावर जमली होती. सॅम्युएल गुरुजी खुर्ची घेऊन आले होते. शेवंता आंब्याच्या बुंध्याला पाठ टेकून बसली होती, जणू झाडाची मालकीणच.

साहेब काठी घेऊन उभे. पुढं गेले, मागं आले. कपाळाला आठी.

"काय झालं साहेब?"

"आजी, पक्कं येईना. मघाशी आलं होतं, आता अंदाजेच दाखवतंय."

"अंदाजे काय दाखवतंय?"

"हद्द झाडाच्या पलीकडं दिसतेय."

"म्हणजे झाड माझं!" मी ओरडले.

"थांबा आजी. आता... अलीकडं दिसतेय."

"म्हंजी माजं!" शेवंता उठून उभी राहिली.

"आता पुन्हा पलीकडं."

मग काय विचारता! हद्द पलीकडं गेली की माझ्या बाजूच्या बायका टाळ्या वाजवणार, अलीकडं आली की शेवंताच्या बाजूच्या. आंब्याचं झाड बिचारं जागच्या जागी उभं, पण एका तासात चारदा नांदायला गेलं आणि चारदा माहेरी आलं.

साहेबांनी विचारलं, "आजी, वर बेसपाशी कुणी गेलं नाही ना?"

"शिडी घरात आणि घराला कडी. हात लावायची कुणाची टाप आहे?" हे मी ठणकावून सांगितलं. आणि खोटं सांगितलं का? मी तरी कुठं हात लावला होता!

मग मला सुचलं. "साहेब, मी सांगते कारण. काल नवा उपग्रह वर गेला. नवी सून घरात आली, की जुन्या जावा जागा बदलतात, कोण कुठं निजणार याची ओढाताण होते. तसं वर चाललं असणार."

साहेब नम्रपणे म्हणाले, "तसं नसतं आजी."

"तुम्ही लग्न केलंय का?"

"नाही."

"मग!"

गुरुजींना खोकला आला. खुर्ची हलण्याइतका.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. म्हणाले, "मला चार वाजता निघावं लागेल, पुढच्या गावाला मोजणी आहे. आज नाही झालं तर पुन्हा तारीख घ्यावी लागेल. ती पावसाळ्यानंतरचीच मिळेल."

पावसाळ्यानंतर! तोवर झाडावर पानं तरी राहतील का? आणि आंबे कुणी उतरवायचे? ज्याच्या हातात आधी झेला, म्हणजे आंबे तोडायची जाळीची काठी, येईल त्यानं! शेवंताचा झेला माझ्यापेक्षा लांब आहे. माझ्या अंगात वारं शिरलं.

"सगळ्यांचे मोबाईल बंद करा! इथं या दुरडीत टाका! त्यांनीच घोळ केलाय!"

दुरडीभर मोबाईल गोठ्यात नेऊन ठेवले. हद्द नाचतच होती.

"शेवंते, तुझी बोअरची मोटर बंद कर. तिच्या विजेनं यंत्र भंजाळतंय."

"आक्का, कांद्याला पानी चाललंय."

"कांदा मोठा की न्याय मोठा?"

तिनं मोटर बंद केली. हद्द नाचतच होती. लांबून लष्कराच्या सरावाच्या तोफेचा आवाज आला, धडाम! मी म्हटलं, "हे बघा! यानं उपग्रह दचकतात!" गुरुजी म्हणाले, "सरूबाई, तो आवाज आपल्या लहानपणापासून आहे. आतापर्यंत सवय झाली असेल त्यांना."

मग माझी नजर शेवंताच्या घरावरच्या टीव्हीच्या छत्रीवर गेली. आभाळाकडं आ करून बसलेली.

"ती बघा! ती आपल्या उपग्रहाचं सगळं बोलणं खातेय! फिरवा ती!"

"आक्का, दुपारची मालिका हाय माजी! आज तिचं लगीन हाय!"

"कुणाचं?"

"मालिकेतल्या पोरीचं! तीन महिनं झालं, आज मुहूर्त लागलाय!"

"तुझ्या मालिकेतल्या लग्नासाठी इथं हद्द अडलीय! फिरव!"

शेवंतानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की त्या नजरेवर भाकरी भाजली असती. पण तिनं शब्द दिला होता, तिला मान्य आहे म्हणून. तिच्या लेकानं चढून छत्री भिंतीकडं तोंड करून फिरवली. शिक्षा केलेल्या पोरासारखी दिसत होती ती.

हद्द नाचतच होती!

साडेतीन झाले. साहेब घामानं निथळत होते. शेवटी बांधावर फतकल मारून बसले आणि हातातल्या यंत्रात कुठं कुठं आत शिरले. मग हळूच म्हणाले, "हे विचित्र आहे. माझ्या हातातल्या रोव्हरला उपग्रह भरपूर दिसतायत. पण बेसला दिसतायत शून्य."

"बंद पडली असेल," गुरुजी म्हणाले.

"नाही ना! चालू आहे, बॅटरी आहे, माझ्याशी बोलतेय. फक्त आभाळ दिसत नाही तिला. अगदी असं, जसं कुणी तिच्या डोक्यावर एखादं भांडं उपडं घातलंय!"

सगळे हसले. मी नाही हसले.

तुम्हाला कधी आतल्या आत गार पाणी ओतल्यासारखं झालंय? मला झालं. डोक्यापासून पायापर्यंत. सकाळपासून ज्याच्या ज्याच्यावर मी बोट ठेवलं होतं ते सगळं डोळ्यांपुढून गेलं. मोबाईल, मोटर, तोफ, छत्री, मालिकेतली ती नवरी. सगळ्यात शेवटी माझं घमेलं.

साहेब उठले. "मी वर जाऊन बघतो."

"तुम्ही बसा!" मी एवढ्या जोरात ओरडले, की झाडावरचा एक आंबा पडला. "म्हणजे, उन्हातून कशाला त्रास? मी... मी चहाचं बघून येते, आणि येता येता वर नजर टाकते."

"चहा?" शेवंता म्हणाली. "सकाळधरनं कुनाला पानी न्हाई इचारलं तुमी, आक्का!"

मी ऐकलंच नाही. घराकडं असा पाय उचलला, की गेल्या दहा वर्षांत तसा उचलला नसेल. कडी काढली, शिडी ओढली, भिंतीला लावली, चढले. माझा बेत साधा होता. घमेलं हळूच काढायचं, पलीकडून गोठ्याच्या मागं टाकायचं, आणि खाली येऊन सांगायचं, की उपग्रहांचं आपसात मिटलं. कुणाला कळलं असतं?

वर गेले. घमेलं तव्यासारखं तापलेलं. पदरानं धरून उचललं. खालचं गोणपाट खडखडीत वाळलं होतं, तेही ओढलं.

आणि त्याच क्षणाला तिकडं वावरात साहेबांच्या हातातल्या यंत्रातून एक बाई इंग्रजीत ठणठणीत आवाजात बोलली! म्हणे, पक्कं झालं! त्या यंत्राला बोलायची सोय आहे, हे मला कुणी सांगितलं होतं का? सांगा तुम्हीच!

"आलं! आलं! पक्कं आलं!" साहेब नाचायला लागले.

"कसं काय आलं एकदम?" कुणीतरी विचारलं.

गुरुजींनी खुर्चीत बसल्या बसल्या एक बोट वर केलं. माझ्या स्लॅबकडं. सगळ्या वस्तीनं वळून बघितलं.

तिथं मी. मागं निळं आभाळ. एका हातात गोणपाट, दुसऱ्या हातात डोक्याच्या वर उचललेलं घमेलं.

मग शेवंताचा आवाज आला, अगदी गोड.

"आक्का, सापडला व्हय उपग्रह?"

मी पण मीच आहे. तिथूनच ओरडले, "यंत्राला ऊन लागत होतं! जपायला नको?"

झालं! बांध फुटल्यासारखी माणसं हसायला लागली. साहेब काठी धरून हसत होते, पण काठी सरळ धरून, हे मात्र मला आवडलं. गुरुजींनी चष्मा काढून खिशातच ठेवला, पुसायचं सोडूनच दिलं.

आता उतरायचं होतं. रोज चढते उतरते मी त्या शिडीवरून, पण त्या दिवशी एका हातात घमेलं, आणि सगळं गाव शिडीच्या पायथ्याशी येऊन उभं. पाठमोरी होऊन पहिली पायरी पायानं चाचपली. आणि त्या मेल्यांनी काय करावं? आदल्या दिवशी टीव्हीसमोर मी शिकवलेलं एकेक वाक्य मलाच ऐकवायला सुरुवात केली!

"आजी उलट्या फिरल्या बघा!"

"वेग कमी! वेग कमी करा, आजी!"

"आता पाय उघडतील!"

"आरं, जहाज कुठंय? जहाज आना!"

शेवंता खरोखर धावत गेली आणि तिच्या ओसरीवरची बाज ओढत आणून शिडीखाली लावली. "ह्ये आनलं जहाज! या आक्का, टेकवा पाय!"

शेवटच्या दोन पायऱ्या निसटल्या आणि मी धपकन त्या बाजेवर बसले. बसले हं, उभी नाही राहिले. गुरुजी म्हणाले, "पाय काही उघडले नाहीत, पण पुन्हा वापरता येईल असं दिसतंय." टाळ्या पडल्या. आदल्या दिवशी अमेरिकेच्या रॉकेटला पडल्या त्याहून मोठ्या.

चार वाजायला थोडा वेळ होता. साहेब झपाझप मोजत गेले. या वेळी हद्द नाचली नाही. चुन्याची रेघ बांधावरून सरळ येत गेली, झाडापाशी आली, आणि झाडाच्या अलीकडून, माझ्या बाजूनं, हातभर अंतर ठेवून पुढं निघून गेली.

म्हणजे आंबा शेवंताचा. मुळासकट, फांद्यांसकट, यंदाच्या बहरासकट.

मी साहेबांना म्हटलं, "पुन्हा एकदा बघा. यंत्र दिवसभर तापलंय."

साहेब म्हणाले, "कुठं तापलंय आजी? तुम्ही तर काळजी घेतलीत. सावलीत होतं."

अर्ज माझा, आग्रह माझा, साक्षीला आभाळ बोलावलं तेही मीच. सही केली. माझी सही चांगली वळणदार आहे, पण त्या दिवशी जरा वाकडी आली.

दोन दिवसांनी शेवंतानं आंबे उतरवले. मी दार लावून आत बसले होते. बघायचंच नव्हतं मला. संध्याकाळी दारावर थाप पडली. उघडलं तर दारात ओळीनं मोठ्या पाट्या भरून आंबे, मागं शेवंता, तिच्या डोक्यावर पेंढ्याचा भारा.

"हे काय गं?"

"अढी घालायला आनलेत. सगळे तुमच्याच घरात पेंढ्यात पिकू द्या. मिळून खाऊ."

एक पाटी मी हळूच आत ओढली, पण पडतं घेते होय! म्हटलं, "झाड तुझं, आंबे तुझे, निकाल वरून आलाय. अढी पण तूच घाल की तुझ्या घरात. माझ्याकडं कशाला?"

शेवंतानं पेंढा खाली टाकला, पदर सारखा केला आणि म्हणाली, "तसं कसं आक्का? झाकून ठेवायचं काम साऱ्या पंचक्रोशीत तुमच्याइतकं पक्कं कुनाला जमतंय?"